फ्रेमचा हिशेब

सकाळी ७.३०

एप्रिल महिन्यात दुकानातलं पहिलं काम मिरचीचं. लालबागच्या मसाला गल्लीत या दिवसांत डंक सकाळपासून धडधडायला लागतात. मुलुंड-बोरिवलीपासून बायका वर्षाचा मसाला कुटून न्यायला येतात. ती तांबडी पूड वाऱ्यावर आमच्या गाळ्यापर्यंत पोचते, शटर बंद असलं तरी फटीतून आत शिरते आणि मशीनच्या पंख्यात, टीव्हीच्या मागच्या जाळीत, पॅडच्या काडीच्या बुडाशी जाऊन बसते. आधी ब्लोअर मारायचा, मग कापूस गुंडाळलेल्या काडीला आयसोप्रोपिल लावून ती एकेका बटणाच्या कडेनं फिरवायची. कापूस लालसर होऊन निघतो.

हे काम मी हाताखालच्या पोरावर सोपवत नाही. फायटिंग गेममध्ये पॅडचं खालचं बटण किंचित जरी अडकलं, तरी पात्र न सांगता खाली बसतं, उभ्यानं मारायचा ठोसा बसल्या बसल्या निघतो आणि पोरगा ओरडतो, "ताई, नेट गेलं!" नेटला बोल लावायचा तर आधी आपल्या हातातली वस्तू चोख पाहिजे.

गाळा पागडीचा. बाबांनी इथं एसटीडी-पीसीओ चालवला, पुढं तिथंच सायबर कॅफे काढला आणि आता मी गेमिंगचे सेटअप लावलेत. फुटबॉल आणि बंदुकीचे गेम गल्ला भरतात, त्यांच्यावर भाडं आणि बेस्टचं वीजबिल निघतं. पण मी दुकान चालवते ते कोपऱ्यातल्या दोन मॉनिटरसाठी. तिथं फक्त स्ट्रीट फायटर आणि टेकन.

सकाळी ८.१५

गिऱ्हाईक नसताना लाइन तपासून घेते. एका खिडकीत मुंबईतल्याच सर्व्हरला पिंग, दुसरीत सिंगापूरला, आणि चहा संपेपर्यंत आकडे वाहू द्यायचे. सरासरीकडे मी लक्ष देत नाही. आकडा साठ असेल तर तो साठच राहतो का, की मध्येच नव्वदवर जाऊन परत येतो, हे बघायचं. याला जिटर म्हणतात. ठरलेला उशीर माणूस अंगवळणी पाडून घेतो. पण जो उशीर घडीघडीला बदलतो, त्याची सवय कुणालाच लागत नाही.

लोकांना वाटतं गेमला मोठी लाइन लागते. फायटिंग गेमला ती लागतच नाही. सामन्यात दोन्हीकडची मशिनं आपापल्या घरी अख्खी लढत चालवत असतात. पलीकडं चित्र पाठवायचं नसतं. या क्षणी कुठली बटणं दाबलेली आहेत, एवढाच निरोप सेकंदाला साठ वेळा धाडायचा. तो निरोप इतका लहान, की तीनशे एमबीपीएसच्या लाइनचा तिथं काही उपयोग नाही. तो वेळेवर पोचला पाहिजे आणि वाटेत गळता कामा नये. जाहिरातीत मात्र स्पीडचाच आकडा मोठ्या अक्षरात छापतात.

सकाळी १०

केबलवाला दादा आला. आमच्याकडं वायर गच्चीवरून गच्चीवर येते, मग जिन्याच्या कडेनं खाली.

"ताई, स्पीड टेस्ट बघा ना. फुल्ल येतोय."

"दादा, स्पीडचं म्हणणंच नाही. रात्री नऊनंतर पॅकेट गळतायत. हे बघा, मी लिहून ठेवलंय."

त्यानं कागद हातात घेऊन नीट वाचला, त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. मग जिन्याखालची पेटी उघडली. फायबरची पिवळी पॅच कॉर्ड खिळ्याला अडकून काटकोनात वाकली होती. फायबर असा वाकला की उजेड वाटेतच निसटतो. कधी लागतं, कधी नाही. त्यानं ती बदलली, नवी सैल वळसा देऊन बांधली आणि वर पत्र्याचा तुकडा ठोकला.

वायर इथवर सरळ आणली तरी पुढं वाय-फाय असतंच. चाळीत खोलीगणिक एक राउटर, सगळे एकमेकांच्या कानात ओरडणार. दुकानात मी वाय-फाय फक्त मोबाइलपुरतं ठेवलंय. गेमची सगळी मशिनं लॅन केबलवर. टेकन ७ मध्ये २०२० च्या अखेरीस समोरचा वायरवर आहे की वाय-फायवर हे दाखवणारं चिन्ह आलं, आणि आता स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ मध्येही ते असतं. एवढंसं चिन्ह, पण लढत स्वीकारायची की नाही हे त्यावर ठरतं. बनवणाऱ्यांनी खेळाडूच्या हाती माहिती दिली, बाकी त्याच्यावर सोडलं. असा निर्णय मला मनापासून आवडतो.

सकाळी ११.३०

पोराला बसवून लॅमिंग्टन रोडला. करी रोडहून लोअर परळपर्यंत चालत, तिथून स्लो गाडीनं ग्रँट रोड. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून परळ-प्रभादेवीत टॅक्सीत बसणं म्हणजे तासाचं काम.

लॅमिंग्टन रोडवर कॅट-सिक्स केबल मीटरनं घेतली, आरजे-४५ ची पाकीटभर टोकं आणि स्टिकच्या बटणांखाली बसणारे मायक्रोस्विच. मायक्रोस्विच मी दुकानात उभं राहून एकेक दाबून बघते. दाबल्यावर 'टिक्' कुठं होतं आणि सोडल्यावर कुठं, या दोन जागांत फार अंतर असलेला नको, पटापट दोनदा मारायला तो दगा देतो. दुकानदार आता ओळखतो. न सांगताच डबा पुढं सरकवतो.

तिथून पायीच गिरगावात. ठाकुरद्वारच्या अलीकडं एका चाळीत एक काका राहतात, त्यांची दुरुस्त केलेली स्टिक पोचवायची होती. नव्वदच्या दशकात इथल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेली ही पिढी. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा १९९३ चा गेम सगळ्या मुंबईला 'मुस्तफा' म्हणून ठाऊक होता. पण खरी गर्दी व्हायची ती स्ट्रीट फायटर २ आणि किंग ऑफ फायटर्स ९७ च्या मशीनभोवती. कॉईन टाकायचा, हरला तो उठायचा, जिंकला तो बसून राहायचा. एकाच बोर्डावर दोघांची बटणं, मध्ये वायर ती वीतभर. उशीर नावाची चीजच नव्हती. १९९१ साली स्ट्रीट फायटर २ करणाऱ्या मंडळींनी लढतीचं जे माप ठरवलं, ते दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी असणार हे धरून. इंटरनेटवरची सगळी झटापट नंतर सुरू झाली, ती याच एका गृहीतकामुळं.

काका आता रात्री जुना किंग ऑफ फायटर्स ९८ फाइटकेडवर, म्हणजे जुने गेम ऑनलाइन खेळवणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळतात, दोह्यातल्या एका माणसाशी. "पार्लरसारखंच वाटतं गं," म्हणाले. मी त्यांना हांगझोऊची गोष्ट सांगितली. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ ला पदक होतं, आणि सुवर्ण जिंकणारा कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. काकांनी स्टिक मांडीवर घेतली, सगळी बटणं एकदा वाजवून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे अजून वेळ गेली नाही." मीही तसंच म्हटलं. मला ते खरंच वाटतं.

दुपारी १.४५

ही माझी आवडती वेळ. दुकान रिकामं, बाहेर डंकांची जेवणाची सुट्टी. जेवण पोचवायचं काम करणारा एक मुलगा दोन ऑर्डरींच्या मध्ये येतो, हेल्मेट टेबलाखाली ठेवतो आणि सरावाला बसतो. तो झांगीफ घेतो, म्हणजे जवळ जाऊन उचलून आपटणारा पैलवान. झांगीफला प्रत्येक पाऊल मिळवावं लागतं. ऑनलाइन उशिराचा सगळ्यात मोठा फटका असल्यांनाच बसतो.

त्याचा सध्याचा अभ्यास एकच आहे, ड्राइव्ह इम्पॅक्ट परतवणं. स्ट्रीट फायटर ६ मध्ये हा प्रत्येकाच्या हातात दिलेला जोराचा फटका. निघताना अंगावर दोन वार झेलतो, मग आदळतो. उत्तर म्हणजे आपणही तोच मारायचा. निघाल्यापासून लागेपर्यंत २६ फ्रेम. सेकंदाच्या ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची आणि २६ फ्रेम म्हणजे ४३३ मिलिसेकंद. डोळ्यानं बघून बोट हलवायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. राहिल्या अकरा ते चौदा. त्यात मशीनचा स्वतःचा उशीर, टीव्हीचा उशीर, नेटचा उशीर आणि "हा तोच फटका आहे" हे ओळखायचा वेळ, सगळं बसवायचं.

मी त्याला मुद्दाम आधी भिंतीवरच्या टीव्हीवर बसवलं, गेम मोड बंद करून. चित्र गुळगुळीत करायच्या नादात असा टीव्ही सहज तीन-चार फ्रेम खातो. दर दोनांतला एक फटका त्याला बसत होता. मग तोच मुलगा, तोच पॅड, फक्त मॉनिटरवर. एकदम परतवायला लागला.

"ताई, मी सुधारलो काय?"

"तू होतास तसाच आहेस. तुला तुझ्या फ्रेम परत मिळाल्या."

हा २६ चा आकडा आकाशातून पडलेला नाही. कॅपकॉममध्ये कुणीतरी बसून तो निवडला. अठरा असता तर शेजारी बसून खेळणाऱ्या एखाद्या अव्वल खेळाडूनं तो कधीमधी परतवला असता, पण ऑनलाइन कुणालाच जमलं नसतं आणि प्रत्येक सामना याच फटक्याचा झाला असता. चाळीस असता तर कुणाला लागलाच नसता. २६ मध्ये लालबागचा मुलगा सिंगापूरच्या मुलाचा फटका जेमतेम परतवू शकतो. गेमचा आराखडा आणि त्याचं नेट या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी नाहीत, हे मला याच आकड्यानं शिकवलं.

दुसरं उदाहरण ड्राइव्ह पॅरीचं. बटण धरून ठेवलं की येणारे वार अडतात. धरून ठेवायचं असल्यामुळं दोन फ्रेम इकडं-तिकडं झाल्या तरी चालतं. ज्याला नेमकी वेळ साधायची आहे त्याच्यासाठी दोन फ्रेमची बारीक खिडकी ठेवली आहे, तिचं बक्षीस मोठं. म्हणजे ज्याची लाइन खराब आहे त्यालाही बचाव आहे आणि ज्याचं कौशल्य मोठं आहे त्याचाही मान राहतो. मॉडर्न कंट्रोलचंही तसंच. एका बटणात स्पेशल निघतो, बदल्यात त्याचा मार वीस टक्क्यांनी कमी. जुनी मंडळी नाकं मुरडतात. मला तो सौदा रास्त वाटतो, कारण त्यामुळं दुकानात नवीन मुली येऊन बसायला लागल्या आणि महिन्याभरात त्यांतल्या दोघी आपणहून जुन्या कंट्रोलवर गेल्या.

उलट बाजू टेकन ८ ची. हल्ला करणाऱ्याला तिथं आधीच झुकतं माप आहे, आणि एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या सीझननं ते इतकं वाढवलं की जगभरच्या खेळाडूंनी आवाज उठवला. मग कंपनीला दुरुस्त्या काढाव्या लागल्या. उशिरामुळं बघून अडवणं अवघड होतं तेव्हा बचाव करणाऱ्याला आणखी हत्यारं द्यायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ला वाढवला तर ऑनलाइन सामना नुसत्या अंदाजांचा होतो. ज्यानं रात्र रात्र बसून समोरच्याचा एकेक फटका पाठ केला, त्याच्या कष्टाला मग किंमत राहत नाही.

झांगीफवाल्याच्या मोबाइलवर ऑर्डर वाजली. हेल्मेट घालून पळाला.

दुपारी ४

शाळा-कॉलेजं सुटली की टेकनवर रांग लागते. यांच्या वडिलांनी प्लेस्टेशनवर टेकन ३ खेळलेला असतो, १९९८ चा. ते येऊन "एडी आहे का?" विचारतात आणि दोन्ही लाथांची बटणं एकत्र बडवून दाखवतात. पोरांना लाज वाटते, मला बरं वाटतं. काही न शिकलेल्या माणसाच्या हातूनही सुंदर हालचाल निघावी, हे एडीच्या आराखड्यात मुद्दाम ठेवलेलं होतं. त्यामुळं किती घरांत टेकन शिरला.

आज एक आई आली, परळहून, केईएममधली ड्यूटी संपवून.

"आमचा इथंच असतो ना? तासन्‌तास?"

"असतो काकू. पण सातच्या आत उठवते मी. आणि पैशाचे गेम इथं नाहीत."

"यातनं पुढं काय होणार त्याचं?"

मी तिला खोटी आशा दाखवली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली घेतलं. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं धरलं. हांगझोऊला भारताकडून मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास स्ट्रीट फायटरमध्ये उतरले. एवढं सगळं खरं. पण यावर घर चालवणारी माणसं आपल्याकडं अगदी थोडी, हेही सांगितलं. ती थोडा वेळ त्याच्या मागं उभी राहिली. तो हरत होता आणि प्रत्येक वेळी सराव मोडमध्ये जाऊन ज्या फटक्यानं हरला तोच मशीनला मारायला लावून पुन्हा अडवत होता. "गणितात असं करत नाही," ती म्हणाली आणि सातपर्यंतची परवानगी देऊन गेली.

संध्याकाळी ६.३०

ऑफिसातून सुटलेले लोक, आवाज, घाम, वडापावचे कागद. समोरासमोरचे सामने. या वेळी मी काही सांगत नाही, फक्त पॅड बदलून देते. "थ्रो तोडला होता मी!" "कुठं तोडलास, उशिरा दाबलंस." शेजारी बसलेल्या माणसाला असं तोंडावर म्हणता येतं, कारण तिथं दोष द्यायला नेट नसतं.

रात्री ९

आता ऑनलाइन. गर्दी उतरल्यावर चार-पाच जण उरतात, ज्यांना आपल्या गल्लीत तोडीचं कुणी सापडत नाही.

फायबरमधून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटरवर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. मुंबईहून दिल्ली सरळ रेषेत ११५० किलोमीटर, सिंगापूर ३९००, टोकियो ६७००. सिंगापूरला जाऊन यायला कमीत कमी ३९ मिलिसेकंद लागणारच. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेतली यंत्रंही वेळ घेतात, त्यामुळं प्रत्यक्षात साठच्या पुढं. कुठलीही कंपनी कितीही पैसे टाको, हा हिशेब बदलत नाही. उशीर असणारच. तो कुठं लपवायचा, एवढंच गेम बनवणाऱ्याच्या हातात आहे.

बाबांच्या बूथवर आखातातल्या नवऱ्यांशी बोलायला बायका यायच्या. तेव्हाचे कितीतरी परदेशी फोन जुन्नरजवळच्या आर्वीच्या केंद्रातून उपग्रहावर जायचे. उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. "कसे आहात?" विचारायचं आणि गप्प राहायचं, नाहीतर दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. ऑनलाइन खेळाची जुनी पद्धत नेमकी अशीच होती. समोरच्याचं बटण पोचेपर्यंत दोन्ही मशिनं थांबणार, तुझं स्वतःचं बटणही तेवढंच उशिरा लागणार. लाइन डगमगली की अख्खा सामना चिखलात चालल्यासारखा.

२००६ साली टोनी कॅनन या अमेरिकन प्रोग्रॅमरनं दुसरी वाट काढली. ईव्हो या फायटिंग गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी तो एक. एक्सबॉक्सवर आलेला स्ट्रीट फायटर २ ऑनलाइन खेळण्याजोगा नाही म्हणून वैतागून त्यानं जीजीपीओ लिहिलं. त्यात मशीन थांबत नाही. पलीकडचं बटण आलं नसेल तर तो मघाशी करत होता तेच करतोय, असं धरून पुढं चालतं. बहुतेकदा ते खरं ठरतं, कारण सेकंदाच्या साठाव्या भागात माणूस क्वचितच बटण बदलतो. खोटं ठरलं तर मशीन मागं जातं, चुकलेल्या फ्रेमपासून सगळं नव्यानं मांडतं आणि पुढचं चित्र दाखवायच्या आत परत चालू क्षणाला येऊन पोचतं. हा रोलबॅक. आपलं बटण आपल्याला जवळजवळ लगेच लागतं. किंमत एवढीच, की कधीकधी समोरच्याच्या फटक्याच्या सुरुवातीच्या एक-दोन फ्रेम डोळ्यांना दिसतच नाहीत.

आणि इथं पुन्हा आराखडा येतो. पहिल्या फ्रेम हरवणार असतील तर फटक्याची ओळख पटवणारी खूण नंतरच्या फ्रेममध्ये ठेवली पाहिजे. ड्राइव्ह इम्पॅक्टमध्ये रंगाचे फवारे उडतात, ते दोन फ्रेम गेल्या तरी चुकत नाहीत. शिवाय मागं जाऊन पुन्हा मांडायचं म्हणजे गेमला अनेक फ्रेमचं गणित एका फ्रेमच्या वेळात करता आलं पाहिजे. मॉर्टल कॉम्बॅटवाल्यांच्या एका इंजिनिअरनं २०१८ मध्ये यावर व्याख्यान दिलं, त्याचं नावच १६ मिलिसेकंदांत आठ फ्रेम अशा अर्थाचं होतं. त्यांनी मॉर्टल कॉम्बॅट एक्सला रोलबॅक २०१६ मध्ये मागाहून बसवला आणि त्यात घाम गाळला. पाया घालतानाच ठरवावी अशी ही गोष्ट आहे.

मग जपानी कंपन्यांना ती उमगायला इतकी वर्षं का लागली? माझं उत्तर असं, की माणूस आपल्या शेजाऱ्यासाठी गेम बनवतो. टोकियो ते ओसाका सरळ चारशे किलोमीटर, देशभर उत्तम फायबर, खाली उतरलं की आर्केड. तिथं जुनी पद्धत खपून जायची. मुंबईचा खेळाडू कोलकात्याशी खेळायला गेला तर साडेसोळाशे किलोमीटर. आपल्याकडं खेळाडू विरळ आणि लांब लांब. जिथं माणसं विरळ तिथं खेळ टिकतो की नाही, हे नेटकोडवरच, म्हणजे गेम हा उशीर कसा हाताळतो त्यावरच, ठरतं.

२०२० च्या साथीत ते सगळ्या जगाला कळलं. त्या वर्षीच्या ईव्होसाठी, जी पुढं रद्दच झाली, चार गेम मुद्दाम घेतले होते ते त्यांचं नेट चांगलं होतं म्हणून. त्यांत स्कलगर्ल्स आणि किलर इन्स्टिंक्टसारखे तुलनेनं लहान गेम होते. त्यानंतर २०२१ ला गिल्टी गिअर स्ट्राइव्ह रोलबॅक घेऊन आला, २०२२ ला किंग ऑफ फायटर्स १५, जून २०२३ ला स्ट्रीट फायटर ६. जानेवारी २०२४ च्या टेकन ८ मध्ये तर टेकनच्या इतिहासात पहिल्यांदा प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवाले एकमेकांशी खेळू लागले. पुण्याच्या पीसीवाल्याला लालबागचा प्लेस्टेशनवाला मिळाला. आमच्यासारख्यांना हे रोलबॅकइतकंच मोलाचं.

लाहोरचा अर्सलान अॅश सगळे उदाहरण म्हणून देतात. २०१९ साली एकाच वर्षात त्यानं जपानची आणि लास व्हेगासची अशा दोन्ही ईव्हो जिंकल्या, आणि माझ्यासारखे आणखी आमच्याकडं आहेत असं जगाला सांगितलं. ते होतेच. ती फळी एकत्र बसून, समोरासमोर खेळून तयार झाली होती. मग नेटची गरज काय, असं पोरं विचारतात. अशी माणसं एका खोलीत गोळा झाली तर नेट नकोच. पण मुंबईत ती विखुरलीत, एक डोंबिवलीला, एक वसईला, एक गिरगावात, आणि शेवटची लोकल कुणालाच चुकवायची नसते.

झांगीफवाला परत आलाय. काम संपलं. समोर सिंगापूरचा खेळाडू, वायरवर, जिटर नाही. तिसऱ्या राउंडला कोपऱ्यात अडकलेला असताना समोरून रंग उडाला आणि आमच्या पोराचाही उडाला. परतवला! मागं उभे असलेले सगळे एकदम ओरडले, वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटली. तो शेवटी हरला, दोन-एक. हरल्यावर त्यानं पुन्हा खेळायचं बटण दाबलं आणि पलीकडच्यानंही दाबलं.

रात्री ११.१०

पोरं गेली. गल्ला मोजला, पॅड पुसून डब्यात टाकले.

रविवारच्या ऑनलाइन स्पर्धेचे नियम लिहून टाकायचे आहेत. लॅन केबल सक्तीची. सामन्याआधी दोघांनी दोन मिनिटं चाचणी खेळायची आणि काही खटकलं तर तेव्हाच सांगायचं, हरल्यावर नाही. लाइन मध्येच तुटली तर ज्याची तुटली त्यानं तो राउंड गमावला, पण अख्खा सामना नाही. यावर मागच्या वेळी बरंच भांडण झालं होतं. मी राउंडवरच ठाम आहे, कारण पावसाळी हवेत वीज कुणाचीही जाते आणि तेवढ्यासाठी कुणाला घरी पाठवणं बरोबर नाही.

नागपूरच्या एका मुलाचा मेसेज आलाय. त्याला नाव द्यायचंय, पण राउटर घरमालकाच्या खोलीत आहे आणि त्याच्याकडं फक्त वाय-फाय येतं. नियम मोडणार नाही, तसं त्याला कळवलं. वीस मीटर कॅट-सिक्स घे, दाराच्या वरच्या कडेनं क्लिपा मारून काढ, ओढून बांधू नकोस, वळणावर सैल सोड. मालक नाही म्हणाले तर मला त्यांचा नंबर दे, मी बोलते.